स्कोपी नॉर्मल आहे, मग घास अडतो कसा?

पत्र

मुलुंडहून एका वाचकाने लिहिलं आहे. त्यांचं वय ३८, पत्नीचं ३४, घरात शाळेत जाणारी मुलगी आणि वाचकांची आई. पत्नीची नोकरी फोर्टला. दोन वर्षांपासून तिचं जेवण बिघडलं आहे. चार घास खाल्ले की थांबते, पाणी पिते, उठून उभी राहते, खांदे मागे ओढून पाठ ताणते आणि परत पानावर बसते. सगळ्यांची ताटं घासून झाली तरी तिची अर्धी पोळी उरलेलीच असते. जेवणानंतर ती बाथरूममध्ये जाते आणि खाल्लेलं बाहेर येतं. एकदा ती म्हणाली होती, "भात जसाच्या तसा येतो, आंबटसुद्धा लागत नाही." रात्री खोकल्याने उठून बसते. सकाळी लोकलमध्ये त्रास नको म्हणून उपाशीच निघते. वजन ६१ किलोवरून ५२ वर आलं आहे. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षभर झाल्या, मग एंडोस्कोपी झाली, ती नॉर्मल आली. आता गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी मॅनोमेट्री, म्हणजे नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी, सांगितली आहे. पत्नी म्हणते, पुन्हा नळी नको. आई म्हणतात, हे सगळे नखरे आहेत. बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून ऐकल्यावर आणि इंटरनेटवर वाचल्यावर वाचकांना वाटतंय की हा बारीक राहण्यासाठी उलट्या काढण्याचा मानसिक विकार असावा. ते विचारतात: स्कोपी नॉर्मल असताना आणखी एका तपासणीवर पैसे घालवण्यापेक्षा तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं का? आणि ती तयार नसेल तर तयार कसं करावं?

उत्तर

तुमची काळजी पत्राच्या ओळीओळीत दिसते. पण तुमचा सगळा विचार एकाच वाक्यावर उभा आहे: स्कोपी नॉर्मल, म्हणजे शरीर नॉर्मल, म्हणजे दोष मनाचा. त्या वाक्याकडे आधी नीट बघू या.

एंडोस्कोपीत डॉक्टर अन्ननलिकेच्या आतला भाग डोळ्यांनी बघतात. व्रण, सूज, गाठ, अरुंद झालेली जागा, हे त्यात दिसतं. नलिका काम कसं करते, हे त्यातून नेहमी कळतंच असं नाही. सोसायटीची थांबलेली लिफ्ट उघडून बघितली तर आरसा, पंखा, बटणं सगळं जागच्या जागी दिसेल. ती वर-खाली जाते का आणि मजला आल्यावर तिचं दार उघडतं का, हे तेवढ्यावरून सांगता येणार नाही. अन्ननलिकेचंही तसंच आहे. घास गिळला की तिचे स्नायू वरून खाली एका लयीत आवळत जातात आणि घास पुढे ढकलतात. त्याच वेळी जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते. ही लय बिघडली किंवा झडप सैलच झाली नाही, तर आतून सगळं गुलाबी आणि स्वच्छ दिसूनही घास छातीत अडकून राहतो.

असं होणाऱ्या आजारांत ठळक नाव अ‍ॅकॅलेशिया कार्डिया. लाख लोकांमागे वर्षाला साधारण एखादा नवा रुग्ण, इतका तो विरळा आहे. अन्ननलिकेच्या भिंतीत मज्जापेशींचं एक जाळं असतं. त्यातल्या, झडपेला सैल हो असा निरोप देणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. झडप आवळलेलीच राहते, वरची लय थांबते, अन्न नलिकेत साचतं आणि काही वर्षांत नलिका फुगत जाते. आजाराच्या सुरुवातीला स्कोपी नॉर्मल येणं मुळीच नवलाचं नाही. झडपेतून जाताना दुर्बिणीला किंचित जोर लावावा लागतो, पण ती जाते, आणि रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं जातं.

मी तुमच्या पत्नीला तपासलेलं नाही, त्यामुळे तिला हाच आजार आहे असं मी म्हणणार नाही. मात्र तुमच्या डॉक्टरांना मॅनोमेट्री का सुचली असेल, हे तुमचं पत्र वाचून मला कळतं.

आता बाथरूमच्या दाराकडे येऊ. मुद्दाम उलट्या काढण्याच्या विकारात माणूस आधी थोड्या वेळात भरमसाठ खातो, मग वजन वाढेल या धास्तीने ते बाहेर काढतो. तुमची पत्नी भरमसाठ खाते असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ती वजनाबद्दल बोलते, सारखी काट्यावर उभी राहते, आरशात पोट बघते, असंही लिहिलेलं नाही. उलट तिने स्वतःहून तुम्हाला एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली होती: भात जसाच्या तसा येतो आणि आंबट लागत नाही. जठरात पोचलेलं अन्न परत आलं तर ते आंबट-कडू लागतं. तिचा भात जठरापर्यंत गेलेलाच नसावा. मग तिला उलटीच होत नाही; अडकलेलं अन्न वाट न मिळाल्याने परत येतं. कधी आपोआप, कधी छातीतलं दडपण असह्य होऊन ती ते काढतही असेल. तिच्या जागी कुणीही काढेल.

पाठ ताणणं, खांदे मागे ओढणं, उभं राहून पाणी पिणं, याला घरात नखरे म्हटलं गेलं. असे रुग्ण या युक्त्या कुणीही न शिकवता स्वतःच शोधून काढतात, कारण छातीतला दाब वाढवून आणि वरून पाण्याचं वजन देऊन घास झडपेतून खाली उतरतो. दोन वर्षं रोज दोन्ही वेळेला ती हे करते आहे. रात्रीचा खोकलाही यातच बसतो: आडवं झाल्यावर साचलेलं अन्न आणि लाळ वर येते आणि श्वासनलिकेकडे वळते. उशीवर सकाळी ओला डाग असतो का, ते तिला विचारा. या आजाराच्या रुग्णांवर, विशेषतः तरुण मुलींवर, आधी मानसिक विकाराचा शिक्का बसल्याचं वैद्यकीय लिखाणात वारंवार नोंदलेलं आहे. ते वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण शिक्का बसला की पुढची प्रत्येक तक्रार त्या शिक्क्यातूनच ऐकली जाते.

अशीच तक्रार घरात असणाऱ्या इतर वाचकांसाठी इथे थोडं थांबते. घास अडण्याचा क्रम लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना तो सांगा. आधी भाकरी-पोळी अडू लागली, मग मऊ भात, मग पेज आणि शेवटी पाणी, असा काही आठवड्या-महिन्यांत चढत जाणारा क्रम असेल तर नलिका कुठेतरी अरुंद होत चालली आहे, आणि त्यात कर्करोगाची शंका आधी दूर करावी लागते. अ‍ॅकॅलेशियात पोळी आणि पाणी दोन्ही साधारण सुरुवातीपासूनच अडतात, आणि त्रास सहसा बराच काळ रेंगाळलेला असतो. साठीच्या आसपासच्या माणसाला हा त्रास अचानक सुरू झाला आणि वजन झरझर उतरलं, तर एकही दिवस घरगुती उपायांत घालवू नका. जठराच्या तोंडाशी असलेली गाठही हुबेहूब अ‍ॅकॅलेशियासारखा देखावा उभा करते आणि मग सीटी स्कॅनसारख्या तपासण्या लागतात. याउलट, घशात सतत गोळा आल्यासारखं वाटतं पण जेवताना काहीच अडत नाही, ही तक्रार वेगळी. ती बहुधा निरुपद्रवी असते आणि ताणाने वाढतेही.

तुमच्या पत्नीच्या जुन्या स्कोपीचा रिपोर्ट काढा. त्यात बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचा छोटा तुकडा, घेतल्याचा उल्लेख आहे का, बघा. अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीसारखी सूज येण्याचा आणखी एक आजार आहे, इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. त्यातही घास अडतो, त्यातही नलिका कधीकधी नॉर्मल दिसते, आणि तो फक्त तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच कळतो. बायोप्सी घेतलेली नसेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

राहिली मॅनोमेट्री. पुन्हा नळी नको, हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मागच्या वेळी तिला काय सोसावं लागलं, भूल दिली होती का, हे तुम्ही विचारलंत का कधी? ही तपासणी नेमकी कशी असते हे आधी कळलं तर निम्मी भीती कमी होते, म्हणून सविस्तर सांगते. काही तास उपाशी राहून जायचं. ज्यांच्या नलिकेत अन्न साचतं त्यांना डॉक्टर आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायला सांगतात. नाकपुडीत बधिर करणारी जेली लावतात आणि साधारण चार मिलिमीटर जाडीची मऊ नळी नाकातून जठरापर्यंत सोडतात. तिच्यावर ओळीने दाब मोजणारे सेन्सर असतात. नळी घशातून जाताना अर्धा-एक मिनिट ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. तो भाग खरंच नकोसा असतो. ती घोट घेत राहिली तर नळी लवकर उतरते. मग आडवं पडून पाण्याचे दहा छोटे घोट, प्रत्येक पाच मिलिलिटरचा, आणि पुढे बसून काही घोट. समोरच्या पडद्यावर प्रत्येक घोटाचं रंगीत चित्र उमटतं. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपतं. भूल देत नाहीत, कारण तिने जागं राहून गिळायचं असतं. वेळ घेताना तंत्रज्ञांना सांगा की तिला भीती आहे, सावकाश करा. तुम्हाला आत बसू देतील का, तेही विचारा.

ती तरीही नाही म्हणाली, तर बेरियमपासून सुरुवात करता येईल. उभं राहून पांढरं बेरियम प्यायचं आणि एक, दोन आणि पाच मिनिटांनी एक्स-रे काढायचे. यात नळी नाही. पाच मिनिटांनंतरही नलिकेत बेरियमचा स्तंभ उभा असेल आणि खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसत असेल, तर पुढची दिशा बरीच ठरते. तरी मॅनोमेट्री पुढेमागे लागेलच, कारण आजाराचे तीन प्रकार तीच दाखवते. पहिल्या प्रकारात नलिका जवळपास निपचित असते, दुसऱ्यात ती एकदम सगळीकडून दाबली जाते, तिसऱ्यात तिला वेड्यावाकड्या आकड्या येतात. दुसरा प्रकार उपचाराला सर्वांत चांगली दाद देतो. कोणता उपचार निवडायचा, हे पुष्कळ अंशी या प्रकारावर ठरतं, तेव्हा हा पैसा वाया जात नाही.

मुंबईत राहता ही तुमची जमेची बाजू आहे. ही तपासणी गल्लोगल्ली होत नाही, पण शहरात होते. परळचं केईएम, सायन, नायर आणि जेजे या सरकारी-पालिका रुग्णालयांत गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीचे विभाग आहेत. जाण्याआधी चौकशी करा, कारण मशीन चालू आहे का आणि तारीख किती पुढची मिळते, हे बदलत असतं. केसपेपर काढून ओपीडीत थांबायला सकाळ जाईल, तेवढी रजा धरा. खासगीत करायचं तर 'मॅनोमेट्री होते का' एवढंच विचारून थांबू नका. महिन्याला किती होतात, हेही विचारा, कारण ते चित्र वाचायला सराव लागतो. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तर मेडिक्लेमची पूर्वपरवानगी लेखी घ्या. मेडिक्लेम नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागाकडे उत्पन्नाचे कागद घेऊन गेलं पाहिजे. आपणहून कुणी सांगायला येत नाही.

निदान पक्कं झालं तर पुढे काय, हेही आताच माहीत असलेलं बरं. मेलेल्या मज्जापेशी परत आणणारा उपचार नाही. जे काही करतात ते झडप सैल करण्यासाठी, म्हणजे अन्न आपल्या वजनाने खाली उतरेल. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशाच एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाच्या कांबीला स्पंज बांधून दिला होता आणि तो माणूस त्याने रोज घास खाली ढकलून जगला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला वाट अडलेली दिसली होती, हे तुमच्या आईंना जरूर सांगा.

आज तीन मुख्य रस्ते आहेत. पहिला फुग्याचा: झडपेत ३० मिलिमीटरचा फुगा नेऊन तो फुगवतात आणि तिचे तंतू ताणून तोडतात, गरज पडली तर पुढे ३५ मिलिमीटरचा. शस्त्रक्रिया नाही, घरी लवकर जाता येतं. पण शंभरात एक-दोघांची नलिका फाटू शकते आणि काही वर्षांनी फुगा पुन्हा लागू शकतो. दुसरा हेलर मायोटॉमीचा. जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. आता ती दुर्बिणीने, पोटावर छोटी छिद्रं पाडून होते. झडपेचा स्नायू बाहेरून कापतात आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा थोडा भाग त्यावर शिवतात. तिसरा पोएम, जपानचे हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेला. यात पोटावर छेदच नाही. तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करतात आणि आतून स्नायू कापतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पोएम आणि हेलर दोन वर्षांनी जवळजवळ सारखेच ठरले: ८३ आणि ८२ टक्के रुग्ण बरे. फरक आम्लाचा होता. पोएमनंतर दोन वर्षांनी ४४ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला आम्लाची सूज दिसली, हेलरनंतर २९ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत पोएमने ९२ टक्के आणि फुग्याने ५४ टक्के रुग्ण बरे झाले. पण २०११ च्या युरोपीय पाहणीत फुगा ८६ टक्के यशस्वी आणि हेलर ९०. फुग्याचे आकडे इतके वेगळे, कारण युरोपातल्या पाहणीत त्रास परतला की पुन्हा फुगा वापरायची मुभा जास्त होती. म्हणजे फुगा निवडायचा तर तो एकदाच होऊन संपेल असं धरून चालू नका.

माझं मत विचाराल तर चौतिशीच्या, धडधाकट बाईसाठी पोएम किंवा हेलर यांपैकी जे तुमच्या डॉक्टरांच्या हातून नियमित होतं ते निवडावं. तिसरा प्रकार निघाला तर पोएम, कारण त्यात स्नायू वरपर्यंत कापता येतो. नंतर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बरीच वर्षं लागू शकतात आणि अधूनमधून स्कोपी करावी लागते, हे तिला आधीच सांगा. झडप सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर का, ते विचारा. त्याचा परिणाम काही महिन्यांतच ओसरतो आणि ते मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वयस्कर रुग्णांसाठी आहे.

तपासण्या होईपर्यंत घरी काही गोष्टी लगेच करता येतील. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, पलंगाचं डोकं उंच. कोरडी पोळी, ब्रेड, मांसाचे मोठे तुकडे टाळून वरण-भात, खिमट, सूप, दही, अंडं, असं वजन राखणारं मऊ खाणं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. गोळी घ्यायची तर बसून, भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर ती नलिकेतच अडकून व्रण करते. दाताच्या शस्त्रक्रियेपासून कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना अन्न साचतं हे सांगायला विसरू नका. ते फुफ्फुसात जाणं जिवावर बेतू शकतं. ताप येऊन खोकला वाढला, किंवा पाणीही उतरेनासं झालं, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका.

मानसोपचारतज्ज्ञांना माझा विरोध नाही. दोन वर्षं लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, ऑफिसच्या डब्यात चोरून जेवणाऱ्या माणसाचं मन दुखावलेलं असतंच, आणि तिला कुणाशी बोलावंसं वाटलं तर तिने जरूर बोलावं. पण "तुला हे मनाने होतंय, चल डॉक्टरकडे" असं म्हणून नेलंत, तर तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तुम्ही खोटी ठरवल्यासारखं होईल. मला वाटतं, ती तयार नाही म्हणून तिला तयार कसं करावं, या प्रश्नाआधी तुम्ही तिचं ऐकायला बसलं पाहिजे. एका संध्याकाळी मुलीला आजीकडे सोपवा आणि तिला विचारा: घास कुठे अडतो ते बोट ठेवून दाखव. पाणीही अडतं का? छातीत दुखतं का? रात्री काय होतं? ती सांगेल ते कागदावर लिहून घ्या. डॉक्टर अशाच चार गोष्टींना, म्हणजे घास अडणं, अन्न परत येणं, छातीत दुखणं आणि वजन घटणं यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देऊन बारापैकी बेरीज काढतात. तो कागद त्यांना फार उपयोगी पडेल. आणि दाराबाहेर उभं राहून ऐकत होतात, हेही तिला तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.

आईंशी तुम्ही बोला, तिच्यावर सोडू नका. "डॉक्टरांना अन्ननलिकेचा आजार वाटतोय, तपासणी होईपर्यंत तिच्या ताटाबद्दल कुणी बोलायचं नाही," एवढं पुरे. तिला सगळ्यांबरोबर पानावर बसायची सक्ती करू नका. तिला वाटलं तर ती बसेल. मॅनोमेट्री नॉर्मल आली तर निराश होऊन पुन्हा नखऱ्यांवर येऊ नका. बायोप्सी, बेरियम, नलिकेच्या लयीचे इतर बिघाड, अशा शक्यता शिल्लक असतात, आणि घटलेलं नऊ किलो वजन तेव्हाही खरंच असेल.